गृहोपकरणे, धुलाईची व स्वयंपाकाची

गृहोपकरणे, धुलाईची व स्वयंपाकाची : घरातील धुणे, दळणे-वाटणे, शिजविणे व अन्न टिकविणे या नित्याच्या कामांतील श्रम कमी करण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या यांत्रिक व विद्युत् साधनांना ही संज्ञा लावतात. जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, धुण्याचा दगड ही या उपकरणांची पूर्वरूपे होत. ती चालविण्यास लागणारी शक्ती मुख्यतः घरातील स्त्रीची असे. विसाव्या शतकात विद्युत् चलित्र (मोटर) लहान व स्वस्त झाले आणि ही शक्ती तारेतून घरात येऊ लागली. उपकरणाची निवड ही त्यामुळे केवळ किंमत व आकार यांची बाब राहिली नाही. घराला पाणी किती व केव्हा मिळते, विजेची जोडणी कोणत्या क्षमतेची आहे, जागा किती आहे आणि घरात आणखी कोणते काम चालते, यांवर एकच यंत्र एका घरी उपयुक्त व दुसऱ्या घरी अडगळ ठरते. प्रस्तुत नोंदीत या बाबींचा विचार मुख्यतः सोलापूर परिसरातील कामगार वसाहतींच्या संदर्भात केला आहे.

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. तिला गोदूताई परुळेकर (१९०७–९६) यांचे नाव देण्यात आले असून २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे वाटप झाले. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने झालेल्या या योजनेत केंद्र व राज्य शासनांच्या अनुदानाला कामगारांच्या स्वतःच्या हिश्श्याची जोड होती. पुढे याच गावाच्या हद्दीत असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांच्या रे नगर या वसाहतीची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली व त्यांपैकी १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते लाभधारकांना देण्यात आली. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कुटुंबांना प्रथमच स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःचा नळ व स्वतःच्या नावाचे वीजमापक मिळाले. भाड्याच्या खोलीत घरमालकाच्या विजेवर जे यंत्र लावता येत नसे, ते लावण्याचा प्रश्न येथे पहिल्यांदा उद्‌भवला. ही वसाहत उभी राहिली तेव्हा प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिक दुर्बल घटकाच्या घराचे चटई क्षेत्र ३० चौ. मी. पर्यंत असे. एवढ्या जागेत माणसे, अंथरुणे, धान्य आणि विडीचे सूप यांबरोबर यंत्रासही जागा द्यावी लागते.

धुलाई यंत्र : कपड्यातील मळ निघण्यास पाणी, प्रक्षालक, घुसळण व उष्णता ही चार साधने लागतात. त्यांपैकी एक कमी पडले, तर दुसरे वाढवून भरपाई करता येते. दगडावर धोपटताना घुसळण अधिक असल्याने थंड पाणी चालते. यंत्रात घुसळण सौम्य असल्याने भिजविण्याचा काळ व प्रक्षालक यांना महत्त्व येते [⟶ प्रक्षालके]. व्यवहारात वॉशिंग मशीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या यंत्राचे भारतात तीन प्रकार प्रचलित आहेत. अर्धस्वयंचलित यंत्रात धुण्याची व पिळण्याची अशी दोन स्वतंत्र पिंपे असतात आणि कपडे एका पिंपातून दुसऱ्यात हाताने टाकावे लागतात. वरून कपडे घालावयाच्या स्वयंचलित यंत्रात एकाच उभ्या पिंपात सर्व क्रिया होतात. पुढून कपडे घालावयाच्या यंत्रात पिंप आडवे असून ते फिरताना कपडे वर उचलले जातात व पाण्यात आपटतात. दगडावरील धुण्याशी याच प्रकाराचे सर्वांत अधिक साम्य आहे. यात पाणी सर्वांत कमी लागते, कपडेही कमी झिजतात. परंतु यंत्र महाग, वजनाने जड व दुरुस्तीस अवघड असते.

पाण्याची बचत करणारे यंत्र पाण्याच्या टंचाईच्या भागात योग्य, असा निष्कर्ष सहज निघतो. सोलापूरसारख्या ठिकाणी तो बहुधा चुकतो. स्वयंचलित यंत्राची झडप उघडण्यास नळाच्या पाण्याला ठराविक दाब असावा लागतो. अनेक यंत्रांच्या बाबतीत तो किमान ०·३ बार, म्हणजे सु. ३ मी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. एकमजली घराच्या छतावर ठेवलेल्या टाकीचा तळ जमिनीपासून सु. ३ मी. वर असतो आणि यंत्राची नळी जोडण्याची जागा जमिनीपासून सु. १ मी. उंचीवर असते. प्रत्यक्ष दाब २ मी. पाण्याचाच मिळतो. पाणी करंगळीएवढ्या धारेने येते, यंत्र ठरलेल्या वेळेत भरत नाही आणि सूचक दिवा लागून ते थांबते. यंत्रात बिघाड नसतानाही कारागिरास बोलाविण्याची वेळ येते. टाकी लोखंडी चौकटीवर आणखी दीड ते दोन मी. उंच ठेवणे किंवा दाब वाढविणारा लहान पंप बसविणे हे त्यावरील उपाय होत. दुसऱ्या उपायास अर्थातच आणखी एक विद्युत् जोडणी लागते.

याहून मोठी अडचण पाण्याच्या वेळेची आहे. सोलापूर शहराचा पाणीपुरवठा भीमा नदीवरील उजनी धरण, टाकळी येथील उपसा व हिप्परगा तलाव यांवर अवलंबून आहे आणि अनेक वर्षे तो रोज न होता काही दिवसांआड होत आला. पाणी ज्या दिवशी येते तो धुण्याचा दिवस आणि उरलेले दिवस पिंपात साठविलेल्या पाण्याचे, असा घरचा क्रम त्यातून ठरतो. स्वयंचलित यंत्र साठविलेले पाणी बादलीने घेत नाही व साबणाचे वापरलेले पाणी परत देत नाही. ते थेट मोरीत सोडते. अर्धस्वयंचलित यंत्रात मात्र पाणी बादलीने भरता येते. एका पाण्यात प्रथम पांढरे, मग रंगीत व शेवटी पायपुसणी असे तीन वेळचे धुणे निघते आणि खळबळण्याचे दुसरे पाणी पुढच्या धुण्यास किंवा फरशी पुसण्यास ठेवता येते. छापील माहितीपत्रकात सर्वाधिक पाणी पिणारे म्हणून दाखविलेले हे यंत्र काटकसरी हातात सर्वांत कमी पाण्यावर चालते, हे या भागातील वापरावरून म्हणता येते. वीज गेली तरी त्याचे काम बिघडत नाही.

पिळण्याच्या पिंपाचा खरा लाभ वाळविण्यात नसून खळबळण्यात आहे, ही गोष्ट पुष्कळदा लक्षात येत नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत कपडे वाळण्यास यंत्राची गरज बहुधा पडत नाही. परंतु ३ किग्रॅ. कपडे हाताने पिळल्यावर त्यांत सु. ४ लि. साबणाचे पाणी राहते असे मानले आणि ते ३० लि. स्वच्छ पाण्यात खळबळले, तर साबणाचे प्रमाण सु. साडेआठपट कमी होते. तेच कपडे यंत्रात पिळून २ लि. पाणी शिल्लक ठेवले, तर तेवढ्याच पाण्यात ते सोळापट कमी होते. दोन वेळा खळबळल्यावर पहिल्या रीतीने साबण सु. सत्तराव्या भागावर व दुसऱ्या रीतीने अडीचशेव्या भागाहून खाली येतो. म्हणजे साबणाचे पाणी आधी यंत्रात पिळून काढावे व मग खळबळावे; तिसऱ्या वेळच्या पाण्याची गरजच उरत नाही.

यंत्राची क्षमता किलोग्रॅममध्ये सांगतात ती कोरड्या सुती कपड्यांची असते. सोलापुरी चादर हा या मापाचा कस पाहणारा कपडा होय. जाड सुताची ही जकार्ड विणीची चादर स्वतःच्या वजनाइतके किंवा त्याहून अधिक पाणी धरते. एकटी चादर पिळण्याच्या पिंपात घातली की ती एका बाजूस गोळा होते, केंद्रोत्सारी प्रेरणा असमतोल होते आणि यंत्र शहाबादी फरशीवर सरकत जाऊन आदळते. दोन चादरी समोरासमोर दाबून बसवाव्यात किंवा एका चादरीस समतोल म्हणून टॉवेल द्यावेत. वर रबरी तबकडी घालण्यास विसरू नये. नवी गडद रंगाची चादर पहिल्या दोनतीन वेळा वेगळी व थंड पाण्यात धुवावी. यंत्रमाग कामगाराच्या कपड्यांना कापसाची तूस चिकटलेली असते. ती आधी झटकली नाही, तर गाळणीची जाळी एक-दोन धुण्यांतच बुजते व पाणी बाहेर पडेनासे होते.

विडी वळणाऱ्या घरात आणखी एक पथ्य आहे. तेंदूची पाने ओली करून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात आणि तंबाखू सुपात मांडीवर घेऊन विड्या वळतात. तंबाखूची बारीक धूळ साडीला, पदराला व केसांना लागते आणि पदराने तोंड पुसताना मुलांपर्यंत पोहोचते. तंबाखूतील निकोटीन पाण्यात विरघळते. त्यामुळे कामाची साडी, सूप झाकण्याचे फडके व पानाचे ओले कापड ही बाळाच्या दुपट्यांबरोबर एका पिंपात टाकू नयेत. ती बाहेर झटकून शेवटच्या पाण्यात वेगळी धुवावीत व पिंप एकदा साध्या पाण्याने फिरवून घ्यावे. हे पथ्य महागड्या यंत्राच्या पुस्तिकेत सापडत नाही, कारण घर हाच कारखाना असलेली गृहिणी पुस्तिका लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नसते.

पाण्याचा दुष्फेनपणा : दख्खनच्या बेसाल्ट खडकातील विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे पुष्कळदा अधिक असतात. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही. त्याऐवजी न विरघळणारा चिकट साका तयार होऊन तो कपड्यांत अडकतो. पांढरे कपडे पिवळट-करडे होतात, टॉवेल खरखरीत होतात. प्रक्षालक चूर्णात पाणी मृदू करणारी द्रव्ये मिसळलेली असल्याने यंत्रात साबणाच्या वडीऐवजी चूर्णच वापरावे. धुण्याचा सोडा थोडा मिसळल्यास चूर्णाची बचत होते, मात्र तो हातांना व रेशमी-लोकरी वस्त्रांना मानवत नाही. पाणी तापविले की याच लवणांचा पांढरा थर तापकावर बसतो. हा थर उष्णतेस अडथळा करतो, तापक आतल्या आत अधिक तापतो व अखेर जळतो. गीझर, पाणी तापविण्याची विद्युत् कांडी व पुढून भरावयाच्या यंत्रातील तापक या तिन्हींचे आयुष्य कूपनलिकेच्या पाण्यावर घटते. किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाच्या, म्हणजे सायट्रिक अम्लाच्या, कोमट विद्रावाने हा थर सुटतो. कांडी अशा विद्रावात ठेवताना ती विजेस जोडलेली नसावी.

वाटण-दळणाची यंत्रे : भारतीय मिक्सर हे परदेशी यंत्राचे केवळ अनुकरण नव्हे. यूरोपातील घरगुती यंत्रे मऊ पदार्थ घुसळण्यासाठी बनविलेली होती. ओले खोबरे, हळकुंड किंवा भिजलेली डाळ वाटताना त्यांची चलित्रे जळत. १९६० नंतरच्या दशकात मुंबईचे अभियंते सत्य प्रकाश माथुर यांनी भारतीय वाटणास टिकेल असे यंत्र सिद्ध केले आणि ते ‘सुमीत’ या नावाने घरोघरी पोहोचले. त्यामागे त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांच्या स्वयंपाकघरातील गरज होती, असे सांगितले जाते. आजच्या मिक्सरची शक्ती बहुधा ५०० ते ७५० वॉट असते आणि रिकामे असताना त्याचे पाते मिनिटाला १८,००० च्या आसपास फेरे घेते. इतक्या वेगाचे चलित्र सतत चालविण्यासाठी नसते. दोनतीन मिनिटे चालवून थोडा वेळ थांबावे. अतिभार झाल्यास ते आपोआप बंद पडते. तळाशी असलेले लाल बटण थोड्या वेळाने दाबल्यास पुन्हा सुरू होते. ही साधी गोष्ट माहीत नसल्याने चांगली यंत्रे दुरुस्तीस जातात. भांडे व चलित्र यांना जोडणारा रबरी किंवा नायलॉनचा कपलर मुद्दाम दुबळा ठेवलेला असतो. तो तुटतो, म्हणून चलित्र वाचते. तो व कार्बनाचे ब्रश गावातील दुकानात मिळतात की नाही हे यंत्र घेण्यापूर्वीच विचारावे.

मिक्सरच्या मर्यादा सोलापूरच्या शेंगाचटणीत स्पष्ट दिसतात. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट व मीठ उखळात कुटले असता दाणा चिरडला जाऊन त्याचे तेल बाहेर येते आणि चटणी ओलसर, गोळीबंद होते. मिक्सरचे पाते दाणा चिरडत नाही, कापते. थोडे फिरविले तर कोरडा कूट होतो, अधिक फिरविले तर उष्णतेने त्याचे लोणी होते. मध्ये कुटलेली चटणी मिळत नाही. दाणे गार होऊ देऊन यंत्र झटक्या-झटक्याने क्षणभर चालवावे व शेवटचे काम खलबत्त्यात करावे, ही तडजोड बऱ्याच घरांत रूढ झाली आहे. बाजारातील कांडप यंत्रांत विजेवर चालणारे दांडे प्रत्यक्ष कुटतात, म्हणून तेथील मसाला व चटणी घरच्या मिक्सरहून वेगळी लागते. सोलापूरच्या विणकर वस्त्यांतील तेलुगू भाषक कुटुंबांत इडली-डोशाच्या पिठासाठी दगडी वाटणयंत्रही आढळते. त्याचे दगड संथ फिरत असल्याने पीठ तापत नाही व चांगले फुगते. परंतु ते मिक्सरहून कितीतरी जड असते व लहान ओट्यावर त्याची कायमची जागा ठरवावी लागते.

भाकरी या पदार्थाने मात्र यंत्रास अद्याप दाद दिलेली नाही. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसल्याने तिचे पीठ ताणले जात नाही. गरम पाण्यात मळून, हाताने थापूनच ती होते. दोन तव्यांमध्ये दाबणारी विद्युत् यंत्रे पोळीसाठी बनविलेली असून त्यांत भाकरीच्या कडा फाटतात. मालदांडी ज्वारीच्या या प्रदेशात अशा यंत्रावर पैसे घालण्यापूर्वी घरात काय खाल्ले जाते याचा विचार पुरेसा आहे. ज्वारीचे जुने पीठ वळत नाही, म्हणून ताजे दळण मिळावे यासाठी घेतलेली घरघंटी अधिक सयुक्तिक ठरते. सु. एक अश्वशक्तीचे हे यंत्र शेजारच्या चार घरांचे दळण करू लागले, तर आपला खर्चही भरून काढते.

शिजविण्याची साधने : बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली शिजविण्याचे तत्त्व दनी पापँ यांनी १६७९ मध्ये दाखविले. भारतात घरगुती प्रेशर कुकरचे उत्पादन १९५९ च्या सुमारास सुरू झाले. सोलापूर समुद्रसपाटीपासून सु. ४६० मी. उंचीवर असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी सु. ९८·५° से. ला उकळते. कुकरमध्ये वातावरणाहून सु. १ किग्रॅ. प्रती चौ. सेंमी. जादा दाब असल्याने तापमान सु. १२०° से. पर्यंत जाते व तूरडाळ लवकर गळते. शिट्ट्या मोजण्याची पद्धत सोयीची असली तरी शिट्टी हे काळाचे माप नव्हे. प्रत्येक शिट्टीबरोबर वाफ, म्हणजे इंधन, बाहेर जाते. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून ठराविक मिनिटे शिजविल्यास तेच काम कमी गॅसवर होते. सुरक्षा झडप एकदा वितळली की ती त्याच बनावटीची नवी बसवावी. भारतीय मानक २३४७ प्रमाणे आय. एस. आय. चिन्ह असलेलाच कुकर घ्यावा. २०२० च्या केंद्र शासनाच्या आदेशान्वये हे चिन्ह उत्पादकांना बंधनकारक करण्यात आले.

प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे (१ मे २०१६) गॅसची शेगडी पूर्वी चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या घरांतही आली. १४·२ किग्रॅ.चे नळकांडे पुन्हा भरून आणणे जड जाते तेव्हा पाणी तापविण्यास चूल व स्वयंपाकास गॅस अशी वाटणी केली जाते. द्रवरूप खनिज तेल वायू हवेपेक्षा जड असून गळल्यास जमिनीलगत साचतो. लहान घरात जमिनीवर बसून स्वयंपाक करताना शेगडी व नळकांडे एकाच पातळीवर ठेवलेली दिसतात, ते धोक्याचे आहे; शेगडी नळकांड्याहून उंच असावी आणि खालच्या बाजूस हवा जाण्यास वाट असावी. तेंदूची वाळकी पाने व तयार विड्यांचे गठ्ठे शेगडीपासून दूर ठेवण्याचे कारण वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रवर्तन तत्त्वावरील शेगडी, जिला सर्रास इंडक्शन म्हणतात, चुंबकास चिकटणाऱ्या भांड्यांवरच चालते. ॲल्युमिनियमची पातेली व पितळी भांडी तिच्यावर तापत नाहीत. २,००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर सु. ८·७ अँपिअर प्रवाह घेते. दिवा-पंख्यासाठीच्या ६ अँपिअरच्या खोबणीत ती लावल्यास खोबण वितळते, प्रसंगी तार पेटते. तिच्यासाठी १६ अँपिअरची स्वतंत्र तार हवी.

प्रशीतक : फ्रीज या नावाने परिचित असलेल्या या उपकरणाचे भारतीय उत्पादन १९५८ मध्ये मुंबईत गोदरेज कंपनीने सुरू केले. त्याचे कार्य अन्यत्र वर्णिले आहे [⟶ प्रशीतन]. निवडीच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, आतील उष्णता मागील किंवा बाजूच्या नळ्यांतून खोलीतच सोडली जाते. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४०° से.च्या वर जातो. अशा वेळी भिंतीला टेकवून व वर चादर घालून ठेवलेला प्रशीतक जवळजवळ अखंड चालतो. मागे वीतभर जागा सोडावी. वीज जाऊन लगेच आली तर संपीडकावर ताण येतो, म्हणून तीन ते पाच मिनिटांनी तो चालू व्हावा. ही सोय यंत्रात नसेल तर स्थिरकात असावी. ज्या घरी पाणी रोज येत नाही तेथे प्रशीतकाचा पहिला उपयोग गार पाण्याच्या बाटल्यांसाठी होतो व भाजी दुसऱ्या क्रमांकावर राहते. दार सतत उघडले जाणार हे धरूनच एकदारी, साधा, थेट थंड होणारा प्रकार घेणे श्रेयस्कर. तो कमी वीज घेतो आणि वीज गेल्यावर बर्फामुळे थंडावा टिकवितो.

विजेचा हिशेब : ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ अन्वये २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला व २००६ पासून उपकरणांवर ताऱ्यांची पट्टी दिसू लागली. ताऱ्यांचे निकष ठराविक काळाने कडक केले जातात, त्यामुळे जुन्या साठ्यातील पंचतारांकित यंत्र नव्या निकषांत एक-दोन तारे गमावते. म्हणून तारे मोजण्याऐवजी पट्टीवरील वर्ष व वार्षिक युनिटांचा आकडा पाहावा. महाराष्ट्रात घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढतो आणि महिना १०० युनिटांची मर्यादा ओलांडली की पुढील युनिटांचा दर एकदम चढतो. वर्षास १८० युनिटांचा लहान प्रशीतक महिन्याला १५ युनिटे घेतो. ५०० वॉटचा मिक्सर रोज १५ मिनिटे चालविल्यास महिन्याला ४ युनिटेही होत नाहीत. अर्धस्वयंचलित धुलाई यंत्र एका धुण्यास पाव युनिटाहून कमी घेते. याउलट १,५०० वॉटची पाणी तापविण्याची कांडी रोज ४० मिनिटे लावली, तर महिन्याला ३० युनिटे होतात. फिरविणारी यंत्रे स्वस्त व तापविणारी महाग पडतात, हा फरक बहुतेक घरांत उलटा समजला जातो. वीजबिल वाढले की ठपका धुलाई यंत्रावर येतो आणि कांडी सुटते.

आर्थिंग : पाण्याजवळ चालणाऱ्या यंत्राचे लोखंडी कवच भूसंपर्कित असणे ही चैन नव्हे. त्रिखिळी प्लगची जाड खीळ कापून तो दोन छिद्रांच्या खोबणीत बसविणे ही सर्रास आढळणारी व घातक प्रथा होय. आतील तारेचे वेष्टन झिजल्यास सर्व प्रवाह ओल्या हाताने कवचाला स्पर्श करणाऱ्या व्यक्तीतून जमिनीत जातो, आणि ती व्यक्ती बहुधा अनवाणी व ओल्या फरशीवर उभी असते. या भागात उन्हाळ्यात मुरूम व काळी जमीन इतकी कोरडी पडते की, व्यवस्थित बसविलेली आर्थिंगची पट्टीही निकामी होते. खड्ड्यात मीठ-कोळसा असावा व फेब्रुवारीपासून त्यात अधूनमधून पाणी ओतावे. ३० मिलिअँपिअर गळतीस प्रवाह तोडणारा खटका मुख्य फळीवर बसविणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. त्याची किंमत साध्या मिक्सरहून फारशी अधिक नसते. तरीही पाच उपकरणे असलेल्या घरात तो पुष्कळदा आढळत नाही.

खरेदी व देखभाल : हप्त्यांवरील खरेदी विनाव्याज म्हणून जाहीर केली जाते, परंतु प्रक्रिया शुल्क व हुकलेली रोखीची सूट मिळून व्याज भरले जातेच. विडी कामगाराची मजुरी हजारी विड्यांवर मिळते व पानाचा किंवा तंबाखूचा पुरवठा थांबला की कामही थांबते. अशा अनियमित मिळकतीवर दोन हप्ते एकाच वेळी घेणे कठीण जाते. म्हणून बचत गटातून किंवा भिशीतून एकेक वस्तू रोखीने घेणाऱ्या स्त्रिया दुकानदाराशी अधिक बळाने बोलू शकतात. उपकरणांचा क्रम ठरविताना कुकर, मिक्सर, अर्धस्वयंचलित धुलाई यंत्र व मग प्रशीतक हा क्रम श्रमांच्या दृष्टीने योग्य दिसतो. प्रत्यक्षात दारातून दिसणारा प्रशीतक पुष्कळदा आधी येतो. जुने यंत्र घेताना पिळण्याच्या पिंपाचा गतिरोधक, तळातील गंज व विद्युत् धारित्र तपासावे. इलेक्ट्रॉनीय फलक असलेल्या यंत्राचा फलक बिघडल्यास दुरुस्ती नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळ जाते; पट्टा, धारित्र व कळ एवढ्यांवर चालणारे यंत्र गल्लीतील कारागीरही उघडू शकतो.

श्रमांवरील परिणाम : यंत्रांमुळे घरकामाचे तास घटतात काय, याविषयी अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कॉवन यांनी मोअर वर्क फॉर मदर (१९८३) या ग्रंथात वेगळे मत मांडले. यंत्रे आली, पण स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या आणि पूर्वी पुरुष, मुले किंवा धोबी करीत असलेला वाटाही गृहिणीकडे आला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भारताच्या २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातील वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे व पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ मिनिटे होते. पाच वर्षांत स्त्रियांची १० मिनिटे वाचली, तर पुरुषांची ९.

विडी वळणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत या वेळेचा हिशेब निराळा होतो. मजुरी नगावर असल्याने धुण्यातून वाचलेला तास विश्रांतीत न जाता सुपापुढे जातो व त्यातून काही विड्या वाढतात. यंत्राचा हप्ता त्या विड्यांतूनच फिटतो. या अर्थाने अर्धस्वयंचलित धुलाई यंत्र हे तिच्या दृष्टीने उत्पादनाचे साधन असते व ते घेण्याचा निर्णयही ती तसाच, मजुरीशी ताडून, घेते. मात्र तास वाचला तरी मांडी घालून वाकून बसण्याचे तास वाढतात. धुण्याने दुखणारी कंबर विडीने दुखू लागते. घरातील मुलगे व पुरुष यंत्राची कळ फिरविण्यास शिकले, तर हा तास खरोखर मोकळा राहू शकतो. दगडावर बसून धुणे त्यांना कमीपणाचे वाटत असे. बटणे दाबण्यात तसे वाटत नाही, असा अनुभव काही घरांतून येऊ लागला आहे.